ब्रेडचं प्रूफ आणि बाटलीवरचं प्रूफ

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरी ब्रेड करायला शिकताहेत. कृतीत आधी येतं ‘यीस्ट प्रूफ करून घ्या’, मग ‘लोफ ४५ मिनिटं प्रूफ होऊ द्या’, आणि शेवटी दटावणी, की ओव्हरप्रूफ करू नका. इकडे यजमानांच्या कपाटातल्या देशी व्हिस्कीवर लिहिलंय ‘७५ डिग्री प्रूफ’ आणि भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या बाटलीवर ‘८६ प्रूफ’. यजमानांचं मत, अमेरिकन जास्त कडक. हे सगळं सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी ब्रेडला हात लावणंच सोडलं. दोन्हीकडे शब्द एकच, म्हणजे ब्रेडमध्ये दारू असणारच, असा त्यांचा हिशेब. ताई विचारतात: हा शब्द एकच की दोन? आणि ओव्हरप्रूफ ब्रेडमध्ये दारू जास्त होते का?

ताई, हा प्रश्न जणू माझ्यासाठीच आलाय. मी एकोणीस वर्षं निमाडात एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये काढली आणि गेली आठ वर्षं इंदुरात बायकोबरोबर छोटी बेकरी चालवतो. म्हणजे आयुष्यभर प्रूफच बघत आलो, आधी काचेच्या नळकांड्यात आणि आता पत्र्याच्या साच्यात. माझी आई दोन्ही धंद्यांना एकच नाव द्यायची, ‘आंबवणं’. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिचं काही चुकत नव्हतं.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर शब्द एकच आहे. तुमच्या दोन्ही बाटल्या कडकपणात जवळजवळ सारख्या आहेत. आणि ओव्हरप्रूफ ब्रेड वाया जातो खरा, पण त्याला दारूचा दोष देऊ नका. आता हे का, ते सांगतो. त्यातून तुमचा ब्रेडही सुधारेल, कारण तुमच्या प्रश्नाखाली मला एक वेगळी अडचण दिसतेय. ‘४५ मिनिटं’ हा आकडा तुम्ही घड्याळात बघताय आणि पीठ काही तुमचं घड्याळ बघत नाही.

घोटाळा होतो तो शाळेतल्या इंग्रजीमुळे. प्रूफ म्हणजे पुरावा असं आपण पाठ केलेलं असतं. मग लोफ पुरावा कसा होणार आणि व्हिस्कीचा पुरावा ७५ डिग्रीचा कसा असणार? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे पारखणं, तपासून बघणं. छापखान्यातलं प्रूफही तेच, छपाईला सोडण्याआधी तपासायला काढलेली प्रत. मराठीत याला चपखल शब्द आहे ‘कस’. सराफ्यात दिवसा जा. सोनार काळ्या दगडावर सोनं घासतो, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि रेघ किती टिकते ते बघतो. रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांपुढे जिलबीच्या कढया लागतात आणि जिलबीवाला खमीर उठलेलं पीठ बोटावर घेऊन तार बघतो. दोघंही कसच लावताहेत. एकाचं उत्तर कॅरेटमध्ये लिहिता येतं, दुसऱ्याचं त्याच्या बोटातच राहतं. दारू आणि ब्रेड यांच्या प्रूफमध्ये जो फरक आहे तो एवढाच.

आधी ब्रेड घेऊ, कारण तुम्हाला उद्या सकाळी तोच करायचाय.

बेकरीत प्रूफ हा शब्द दोन ठिकाणी येतो. पहिला यीस्टचा. वाटीभर कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत वर फेसाची टोपी धरली की यीस्ट जिवंत. इथे शब्दाचा मूळ अर्थ जसाच्या तसा दिसतो, जीव आहे की नाही याची परीक्षा. पाणी ३८ ते ४० अंश, म्हणजे मनगटावर घेतलं तर जेमतेम कोमट वाटेल इतपत. माझ्याकडे ‘यीस्ट उठतच नाही’ म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चहाला ठेवलेलं पाणी ओतलेलं असतं. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं, त्याला उकळी लागत नाही. रव्यासारखी बारीक इन्स्टंट यीस्ट बंद पाकिटातून काढली असेल तर ती थेट मैद्यात टाकली तरी चालते, ही परीक्षा घ्यायची गरज नसते. जाड गोळीची ड्राय यीस्ट भिजवावीच लागते. आणि किराणा दुकानातून सुटी मोजून आणली असेल तर ती कुठलीही असो, आधी परीक्षा घ्या. ती बरणी दुकानात किती उन्हाळे बसून होती हे दुकानदारालाही आठवत नसतं.

या परीक्षेची मर्यादाही लक्षात ठेवा. फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे, एवढंच कळतं. तुमच्या पिठात मीठ जास्त पडलं, पाणी कमी पडलं, तर तेच जिवंत यीस्ट रेंगाळेल.

दुसरं प्रूफ म्हणजे लोफचा आकार दिल्यानंतरचं शेवटचं फुगणं. आधी पीठ मळून एक-दीड तास झाकून ठेवतो, दुप्पट होऊ देतो, ते आंबवण. मग वारा काढायचा, लोफ वळायचा, साच्यात ठेवायचा, आणि पुन्हा फुगू द्यायचा. हे दुसरं फुगणं म्हणजे प्रूफ. काही जण पहिल्यालाही प्रूफ म्हणतात, त्यावरून भांडू नका. पण शेवटच्या फुगण्याला कस म्हणायचं कारण मला धंद्यात पडल्यावर उमगलं. याच टप्प्यावर आधीचं सगळं उघडं पडतं. मैदा कसा होता, मळणं पुरलं का, यीस्टमध्ये दम होता का, सगळ्याचा निकाल त्या अर्ध्या-पाऊण तासात लागतो. तोपर्यंत चूक झाकता येते, इथून पुढे नाही.

आता बोट. तर्जनी मैद्यात बुडवा आणि लोफच्या कडेला, वरच्या बाजूने नको, अर्धं पेर आत जाईल इतकं दाबून काढा. खळगा टुणकन भरून आला तर पीठ अजून कच्चं आहे, आत ताण आहे. भट्टीत घातलंत तर वरचा पापुद्रा आधी धरेल आणि आतला वायू जागा मिळेल तिथून, बहुतेक तळाजवळ कुशीतून, लोफ फाडून बाहेर पडेल. खळगा हळूहळू, आळस दिल्यासारखा वर आला आणि अर्ध्यावर थांबला, बारीकशी खूण राहिली, तर भट्टी तापलेलीच असली पाहिजे, लगेच घाला. आणि खळगा भरलाच नाही, उलट आजूबाजूचा भाग उसासा टाकून बसला, तर झालं ओव्हरप्रूफ. ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाची, जाळी ताणून ताणून थकली, तिला आता वायू धरवत नाही. असा लोफ भट्टीत वर येत नाही, सपाट राहतो, वास आंबूस येतो. आणि रंगही धरत नाही, कारण कवच तांबूस करणारी साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असते. पांढरट कवच दिसलं की आपण भट्टीला दोष देतो, आणि चूक असते अर्ध्या तासापूर्वीची.

बोटावर भरवसा बसेपर्यंत एक सोपी युक्ती करा. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा सरळ काठाच्या काचेच्या पेल्यात दाबून बसवा, त्याच्या उंचीवर रबरबँड लावा आणि पेला लोफशेजारी ठेवा. आंबवणाच्या वेळी दुप्पट बघायचं. शेवटच्या प्रूफला मी दुप्पट होऊ देत नाही, दीडपट-पावणेदोनपटीला भट्टीत घालतो. पण हे माझ्या मैद्याचं. तुमचा मैदा नरम असेल किंवा तुम्ही गव्हाचं पीठ अर्धं घालत असाल तर थोडं आधीच थांबा.

आता बाटली.

दारूवर कर घ्यायचा तर तिच्यात किती दम आहे आणि किती पाणी, हे आधी कळायला हवं. इंग्लंडात जुनी परीक्षा अशी सांगतात: बंदुकीच्या दारूवर मद्य ओतायचं आणि काडी लावायची. ओली झालेली दारू तरीही पेटली तर मद्य कसाला उतरलं, नुसतीच फुसफुसली तर पाणी जास्त. (मराठीत या दोन्ही पदार्थांना आपण ‘दारू’च म्हणतो, त्यामुळे ही गोष्ट मराठीत सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते.) कसाला उतरलेलं ते ‘प्रूफ’, त्याहून कडक ते ‘ओव्हरप्रूफ’, हलकं ते ‘अंडरप्रूफ’. बघा, ब्रेडमध्येही हेच दोन शब्द आहेत, फक्त ब्रेडवाल्यांचा कस काळाचा आहे आणि दारूवाल्यांचा ताकदीचा.

पण बंदुकीच्या दारूवर किती मद्य ओतलं यावर निकाल बदलतो, म्हणून कर वसूल करणाऱ्याला ती परीक्षा पुरेना. १८१६ मध्ये इंग्रजांनी कायद्याने वजनावर ठरवलं: ५१ अंश फॅरनहाइटला जे मद्य तेवढ्याच मापाच्या पाण्याच्या १२/१३ वजनाचं भरतं, ते प्रूफ. आजच्या भाषेत ते सुमारे ५७.१५ टक्के अल्कोहोल. म्हणजे ब्रिटिश १०० डिग्री प्रूफ बरोबर ५७.१५ टक्के. आकडा इतका वाकडातिकडा का, हे यावरून समजेल. कुणी विचार करून तो निवडलेला नाही, आगीच्या परीक्षेच्या जवळपास वजनाने जे बसलं ते धरलं.

मोजायला साइक्सचं हायड्रोमीटर, म्हणजे मद्यात तरंगवून त्याचा दाटपणा दाखवणारं यंत्र, ठरलं आणि ते इंग्रजांच्या अबकारीबरोबर इकडेही आलं. आमच्या लॅबमध्ये एक जुनं ठेवलेलं होतं. लाकडी पेटी, आत मऊ कापडाचं अस्तर, मध्ये पितळेचा गोळा आणि त्याच्या वर चपटी दांडी, तिच्यावर ० ते १० च्या खुणा, आणि बाजूच्या खाचांत १० पासून ९० पर्यंत आकडे कोरलेली नऊ छोटी वजनं. नमुन्यात नेमकं तरंगावं म्हणून एखादं वजन खाली अडकवायचं, वजनाचा आकडा आणि दांडीवरचा आकडा यांची बेरीज करायची, शेजारी थर्मामीटर वाचायचा, आणि मग जाडजूड तक्त्याच्या पुस्तकात त्या दोन आकड्यांच्या आडव्या-उभ्या रांगा जुळवायच्या. काचेचे अल्कोहोलमीटर हाती आल्यावर ते कुणी वापरत नव्हतं, पण फडक्याने पुसून ठेवायची रीत होती.

आता तुमच्या यजमानांचा वाद मिटवू. टक्क्यांवरून ब्रिटिश प्रूफ काढायला टक्क्यांना ७ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं. आपल्याकडच्या बाटलीवर कोपऱ्यात ४२.८ टक्के लिहिलेलं दिसेल. ४२.८ गुणिले ७ भागिले ४, म्हणजे ७४.९. हेच ते ७५ डिग्री प्रूफ. काही बाटल्यांवर ‘२५ यू. पी.’ असतं, ते ‘२५ अंडरप्रूफ’, म्हणजे शंभराला पंचवीस कमी. गोष्ट एकच.

अमेरिकेने हा सगळा खटाटोप बाजूला ठेवून टक्क्यांची सरळ दुप्पट धरली. ५० टक्के म्हणजे १०० प्रूफ. तुमच्या भाच्याची ८६ प्रूफ म्हणजे ४३ टक्के. दोन बाटल्यांत फरक ०.२ टक्क्याचा. शंभर मिलीमागे चार थेंब. जास्त कडक लागते असं यजमान म्हणत असतील तर ती चव असेल, पिंप असेल, किंवा ती विमानातून आली हे माहीत असणं असेल. ताकद नव्हे.

खुद्द ब्रिटनने १९८० पासून प्रूफ सोडून टक्के धरले. आपली अबकारी मात्र अजून ‘प्रूफ लिटर’मध्ये बोलते. ७५० मिलीच्या बारा बाटल्यांची पेटी म्हणजे साधे ९ लिटर, त्याला ०.७५ ने गुणलं की ६.७५ प्रूफ लिटर. हा ६.७५ आकडा आमच्या रजिस्टरात इतक्या वेळा लिहिलाय की झोपेतही सांगेन. आणि कारखान्यातलं रेक्टिफाइड स्पिरिट, म्हणजे गाळून कडक केलेलं मद्यार्क, जे ९५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्याला ‘६६ ओ. पी.’ म्हणायचे. इथे ओव्हरप्रूफ ही अभिमानाची गोष्ट. बेकरीत आल्यावर पहिल्या महिन्यात एका कारागिराने ‘काका, ओव्हर झालंय’ म्हणून सांगितलं तर जुन्या सवयीने क्षणभर मला बरंच वाटलं होतं.

इथवर एकदा मागे वळून बघतो. दोन्हीकडे प्रूफ म्हणजे कस. दारूच्या बाजूला कराच्या तगाद्यामुळे कसाचा आकडा झाला, आणि तोही देशागणिक वेगळा. ब्रेडच्या बाजूला आकडा झाला नाही, कारण पिठावर लोफागणिक कुणी कर घेत नव्हतं.

पण दोन्ही कसांचा शत्रू एकच आहे, तापमान. हे मी दोनदा शिकलो, दोन्ही वेळा फजिती होऊन.

लॅबमधला माझा पहिला मे महिना. टाकीतून नमुना आणला, नळकांड्यात ओतला, अल्कोहोलमीटर सोडला, ४७ च्या वर दिसलं. ऐटीत रजिस्टरात लिहिलं. आमचे सीनियर केमिस्ट काही बोलले नाहीत. त्यांनी ते नळकांडं बर्फ घातलेल्या बादलीत ठेवलं, थर्मामीटर ३२ वरून २० ला येईपर्यंत मला तिथेच उभं केलं, आणि मग वाचायला सांगितलं. ४३ ला टेकलं होतं. मद्य तापलं की विरळ होतं, मीटर जास्त बुडतो आणि प्रत्यक्षापेक्षा कडक दाखवतो. त्या ताकदीला दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याची फसवणूक. तक्ता समोर टांगलेला होता, मी मान वर केली नाही.

दुसरी फजिती बेकरी उघडली त्या हिवाळ्यातली. जानेवारीची पहाट, ओट्याजवळ १५ अंश. मी घड्याळ लावून ४५ मिनिटांनी लोफ भट्टीत घातले, सगळेच्या सगळे कुशीतून फाटले. बायको म्हणाली, ‘तुमच्या लॅबमध्ये थर्मामीटर होता, इथे घड्याळ कशाला बघताय?’ त्याच वर्षी मेमध्ये उलटं झालं. दुकान ३७ अंशांवर, लोफ ठेवले आणि मैद्याच्या टेम्पोचा फोन आला. परतलो तर साच्याबाहेर ओघळले होते. एकाला वरून पातं लावलं तसा तो फुग्यासारखा बसला.

ढोबळ हिशेब असा, की आठ-दहा अंशांनी ऊब वाढली की यीस्टचा वेग दुप्पट होतो. म्हणजे २७ अंशांना ४५ मिनिटं लागणारा लोफ इंदूरच्या जानेवारीत दीड तासाच्या वर घेईल आणि मेमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत तयार होईल. तुमची कृती कुठल्या स्वयंपाकघरात लिहिली गेली, कुठल्या महिन्यात, हे त्यात कधीच नसतं. मोठ्या बेकऱ्यांत यासाठी प्रूफर असतो, ३५ ते ३८ अंश आणि ८०-८५ टक्के दमटपणा बांधून दिलेला. घरी थंडीत मायक्रोवेव्ह चालू न करता त्यात उकळत्या पाण्याचा पेला ठेवा, शेजारी लोफ, दार बंद. ऊबही मिळते आणि वरून पापुद्राही धरत नाही. उन्हाळ्यात मळायला माठाचं नाही, फ्रीजचं पाणी घ्या आणि यीस्ट पाव चमचा कमी करा. किंवा सरळ रात्री करा. माळव्याची रात्र एवढी वाखाणतात ती ब्रेडवाल्यांनाही लागू आहे.

तापमानावरून आठवलं. झाबुआ-अलिराजपूरकडे मोहाची गाळतात तिथे काडी लावून दाखवायची पद्धत आहे. निळी ज्योत धरली की ‘पहिल्या धारेची’. पहिल्या धारेची हा शब्द आपण मराठीत कशालाही लावतो, पण त्यामागे शास्त्र आहे. अल्कोहोल ७८ अंशांच्या थोडं वर उकळतं, पाणी १०० ला, म्हणून भट्टी लावल्यावर आधी येणारी धार कडक आणि पुढची पाणचट. ज्योतीची परीक्षा ही इंग्रजांच्या बंदुकीच्या दारूचीच बहीण. पण मला तिचं भय वाटतं, दोन कारणांनी. एक, ४० टक्क्यांच्या मद्याची वाफ २६ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे मेच्या दुपारी हलकी दारूही ‘कसाला’ उतरेल. आणि दुसरं, जे जिवावर बेतू शकतं: मिथाइल अल्कोहोलही जळतं. ज्योत दिसली म्हणजे विष नाही, असं मुळीच नाही. ज्योत फक्त पेटतं की नाही एवढंच सांगते. गाळणं परवान्याशिवाय गुन्हा आहे हे वेगळं, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

राहिल्या सासूबाई. त्यांचा संशय अगदीच निराधार नाही, म्हणून त्यांना थट्टेवारी नेऊ नका. डिस्टिलरीत मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबायला ठेवलेल्या पातळ मळीत, जे यीस्ट काम करतं तेच जातीने तुमच्या लोफमध्ये करतं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पूर्वी तर बेकरीवाले यीस्ट आणायला दारू गाळणाऱ्यांकडेच जायचे. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर (ताडीसारखा आंबलेला रस) घालून पाव फुगवायचे. अमेरिकेत सिनसिनाटीला फ्लाइशमान बंधूंनी १८६८ मध्ये दाबलेल्या यीस्टच्या वड्या काढल्या, त्यांची डिस्टिलरीही होती आणि ते जिनही गाळायचे. घराणं एकच, हे मान्यच करायला हवं.

यीस्ट साखर खातं आणि जवळजवळ सारख्या वजनाच्या दोन गोष्टी सोडतं: १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. डिस्टिलरीला पहिलं हवं असतं आणि वायू टाकीतून निघून जातो. बेकरीला वायू हवा असतो आणि अल्कोहोल भट्टीतून निघून जातं. किती, ते मोजून दाखवतो. अर्धा किलो मैद्याचं पीठ फुगून एक लिटरने वाढलं, तर त्या एक लिटर वायूचं वजन सुमारे १.८ ग्रॅम. त्याच्याबरोबर तयार झालेलं अल्कोहोल सुमारे १.९ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. मध्ये वारा काढला, थोडा वायू गळला, थोडा पाण्यात विरघळला, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. तरी अख्ख्या लोफमागे चमचा-दीड चमचा. ओव्हरप्रूफ झाला तर यात थोडी भर पडेल, पण चमच्याचा पेला होणार नाही. आंबण्याचा वास येतो त्यात आम्लांचाही वाटा असतो, तो सगळा दारूचा नसतो. मग लोफ भट्टीत जातो. त्याचा गाभाही ९३ ते ९८ अंशांपर्यंत तापतो, आणि अल्कोहोलचा बराचसा भाग वाफेबरोबर उडतो. अगदी शून्य होतं असं मी म्हणणार नाही, सूक्ष्म अंश राहतो. तसा तो पिकलेल्या केळ्यातही असतो.

त्यांचा नियम ‘आंबवलेलं नको’ असा असेल तर गोष्ट निराळी. तो श्रद्धेचा भाग आहे, तिथे माझं रसायनशास्त्र आणू नका. मग खाण्याचा सोडा आणि ताक घालून ब्रेड करा. त्यात यीस्ट नाही, प्रूफ नाही, मिसळून लगेच भट्टीत. पण नियम फक्त दारूचा असेल आणि सराफ्यातली जिलबी चालत असेल, तर हळूच सांगून बघा की तिचंही पीठ रात्रभर आंबलेलं असतं.

आणि एक करा. गरम लोफ त्यांच्यासमोर कापू नका. भट्टीतून काढल्या काढल्या फोडलं की जो वास नाकात जातो, त्यात उडून जाणाऱ्या अल्कोहोलचाही थोडा अंश असतो, आणि नेमका तोच त्यांना येईल. जाळीवर तासभर निवू द्या. तोपर्यंत आतली वाफ निघून जाते, चुराही पडत नाही, सुरी नीट चालते. मग पहिला तुकडा लोणी लावून त्यांना द्या.